पाच सॅमची अंगणवाडी

दरवर्षी बीटमधून, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांमधून, एका सेविकेचं नाव ‘आदर्श अंगणवाडी सेविका’ पुरस्कारासाठी पाठवायचं असतं. यंदा मी जे नाव पाठवलं ते कागदावर अगदी बरोबर होतं. कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले, तरी डोक्यातून जात नाही.

मी पर्यवेक्षिका. आदिवासी पट्ट्यातल्या चोवीस अंगणवाड्या माझ्याकडे, त्यातल्या निम्म्या पाड्यांवर एसटी जात नाही. बाहेरच्यांना वाटतं, अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि बडबडगीतं. खरं तर आमचा निम्मा जीव वजन-उंचीत जातो. वजन उंचीच्या मानाने फारच कमी भरलं किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर लाल. वरून पहिला फोन त्या लाल ठिपक्याचा येतो, मुलाचा नाही.

ज्या ताईंबद्दल लिहितेय त्या सव्वीस वर्षं सेविका आहेत. त्यांचं वजन घेणं एकदा बघावं. सारवलेल्या जमिनीवर काटा डुलतो, म्हणून त्याच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा. आधी वाण्याकडून आणलेलं एक किलोचं लोखंडी वजन ठेवून काटा खरा बोलतो का ते पाहणार. मग मुलाचे कपडे, चप्पल, कडदोरा, पायातले वाळे, सगळं उतरवणार. एक आजी वाळे काढू देईना, तर ताई म्हणाल्या, “आजी, मला पोराचं वजन हवंय, चांदीचं नको.” दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून घ्यायची असते. त्याला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला, एक गुडघे दाबायला. मदतनीस रजेवर असेल तर ताई शेजारणीला हाक मारतात, पण एकटीने अंदाजपंचे आकडा लिहीत नाहीत.

आणि इथेच गोम आहे. काठावरच्या मुलाची उंची दोन सेंटिमीटर कमी टाकली, की वजन तेच राहून ते ‘सॅम’मधून बाहेर पडतं. कुणाला काही चोरावं लागत नाही, बोट जरा खाली सरकवायचं. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

दिवाळीनंतर ताईंच्या पाड्यावरची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं वाळून आलेली असतात. यंदा चौऱ्याहत्तर मुलांत पाच सॅम निघाली. पलीकडच्या गावात अडुसष्ट मुलं, सॅम शून्य. तिथलीही माणसं त्याच भट्ट्यांवर जातात.

गुणांकन तक्ता मीच भरला. बोलक्या भिंतींना, म्हणजे चित्रं-अक्षरं रंगवलेल्या भिंतींना, दहा गुण. ताईंच्या खोलीच्या भिंती पावसाने फुगलेल्या, रंग टिकत नाही. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत चिंचोके, सागरगोटे आणि पळसाची पानं. मुलं पानं लहान-मोठी लावतात, मोजतात, त्यांच्या बोलीत भांडतात, आणि ताई त्याच बोलीत निवाडा करतात. याला तक्त्यात रकानाच नाही. कुपोषण कमी करण्याला पंधरा गुण होते. पाच सॅम, म्हणजे भोपळा.

तरी मी साहेबांकडे गेले. ते वाईट नाहीत, थकलेले आहेत. म्हणाले, “मॅडम, पाच सॅमची अंगणवाडी स्टेजवर नेऊन दाखवायची का?” मी म्हणू शकले असते, की शून्यवाल्या गावात मी श्रावणात तीन मुलं पुन्हा मोजली होती आणि त्यातली दोन लाल निघाली होती. तेव्हा मी तिथल्या सेविकेला तोंडीच सांगितलं होतं, दुरुस्त करा म्हणून. भेटवहीत लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर प्रश्न मलाच आला असता, की आधीच्या चार भेटींत काय बघत होतात? मी सही केली.

कार्यक्रम अकराचा, सुरू झाला पावणेदोनला. पाहुण्यांनी ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तिथपासून घेतलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, कोसबाडला अनुताई वाघांबरोबर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. भाषण चांगलं होतं. मागे तिसऱ्या रांगेत ताई डबा मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मग शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. शून्यवाल्या गावच्या बाई रडल्या. त्यांचाही राग येईना. त्यांनाही मानधनच मिळतं, आणि शून्य त्यांनी आमच्यासाठीच आणलेलं.

मांडव उतरताना ताई माझ्याकडे आल्या. पुरस्काराचं काही बोलतील म्हणून मी मनात वाक्य जुळवत होते. त्यांनी पिशवीतून दंडाची मोजपट्टी काढली. “मॅडम, हिचे आकडे पुसलेत. अकरा नि बाराच्या मधलं दिसत नाय. नवी असंल का?”

माझ्या पर्समध्ये एक होती. ताईंनी ती घेतली, जुनीच्या बाजूला खुर्चीवर सरळ अंथरली, नखाने रेघ न रेघ जुळवून पाहिली. “दोरीभर फरक हाय,” म्हणाल्या. “म्हंजे ती एक पोरगी बी धरावी लागंल.”

या महिन्याच्या अहवालात त्यांच्या पाचाची सहा झाली आहेत. आकडा का वाढला, याचा लेखी खुलासा वरून मागवलाय. तो मलाच लिहायचा आहे. तीन दिवस कागद तसाच पडून आहे.