स्टॉपरवरचा खड्डा

तक्रार मापाची होती. ड्रिलिंग फिक्स्चरवर (भोक पाडताना जॉब धरणाऱ्या साधनावर) भोकाची जागा आठवड्याला 0.2 मिमी सरकायची, आणि दर सोमवारी कुणीतरी, सरकती स्लाइड जिथे अडून थांबते त्या स्टॉपरमागे एक शिम (पातळ पत्री) सारून काम चालू करायचं. शिमची चळत 1.4 मिमी झाली तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं.

40 किलोची स्लाइड, 50 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हवेचा सिलिंडर, 6 बार दाब, समोर 25 मिमी व्यासाचा ईएन8चा (मध्यम-कार्बन पोलादाचा) स्टॉपर. मिनिटाला 8 ठोके. यात अवघड काहीच नाही, म्हणूनच कुणी नीट पाहिलं नव्हतं.

स्टॉपर दबतो म्हटल्यावर पहिला सल्ला ठरलेला: अजून पाणी चढवा, म्हणजे पोलाद आणखी कडक करा. डी2 या टूल स्टीलचा, 60 एचआरसीचा (रॉकवेल कठिणपणा) स्टॉपर बसवला. तो दबला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या कडेचा टवका उडाला. मग वरून कडक आणि आतून चिवट हवा म्हणून 20एमएनसीआर5 हे पोलाद, 0.8 मिमी केस (वरचा कडक थर). हा दोन आठवडे टिकला, नंतर तोंडावर बशीसारखा खळगा पडला आणि खळग्याभोवती गोल तडे गेले. छोट्या जागेवर ठोका बसला की सर्वांत जास्त कातर-ताण पृष्ठभागावर नसतो, थोडा खाली असतो. तिथे केस संपून मऊ गाभा सुरू झालेला असेल, तर गाभा दबतो आणि वरचं कवच अंड्यासारखं तडकतं. केस जाड केली असती तर कदाचित महिनाभर जास्त गेला असता, एवढंच.

स्टॉपरला निळी (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून स्लाइड हाताने टेकवली. निळी उठली ती एका कोपऱ्यात, जेमतेम 4 × 3 मिमी. हे दोन मिनिटांचं काम सात आठवड्यांत कुणी केलं नव्हतं. शिम एकसारख्या नव्हत्या, एकीच्या कडेला तर बर (कापताना उरलेली धातूची धार) होता.

ढोबळ हिशेब मांडला. शेवटच्या टप्प्यात वेग 0.6 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 7.2 ज्यूल. स्लाइड 0.1 मिमीत थांबते असं धरलं तर सरासरी बल 72 किलोन्यूटन. पूर्ण तोंडावर ते 150 मेगापास्कलच्याही आत येतं, ईएन8सुद्धा सोसेल. त्या कोपऱ्यावर मात्र 6,000 मेगापास्कल. तिथे ईएन8 दबणारच आणि डी2 कडेला तुटणारच.

आणि 0.6 वेग तरी का? सिलिंडरच्या कुशनचा (शेवटी वेग कमी करणाऱ्या हवेच्या गादीचा) स्क्रू पूर्ण उघडा होता. सायकलमागे 0.3 सेकंद वाचावेत म्हणून प्रॉडक्शनने तो उघडला होता, आणि वाचलेला वेळ दर सोमवारी शिम घालण्यात जात होता. वेग निम्मा केला की ऊर्जा पावपट होते, हे त्यांना कागदावर मांडून दाखवावं लागलं.

शिम काढून एकच ग्राइंड केलेला स्पेसर घातला. बैठक 25 मिमीत 0.02च्या आत काटकोनात आणली. शेजारी 20 मिमी स्ट्रोकचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवला. तो निवडताना हमखास होणारी चूक म्हणजे फक्त 7.2 ज्यूल धरणे. सिलिंडर शेवटपर्यंत ढकलतच असतो: सुमारे 1,180 न्यूटन गुणिले 0.02 मीटर, म्हणजे आणखी 23.6 ज्यूल. तेव्हा ठोक्यामागे 31 ज्यूल आणि तासाला 480 ठोके, दोन्ही आकडे कॅटलॉगशी ताडायचे. दट्ट्या तळाला टेकायला 1 मिमी उरला असतानाच स्टॉपर लागला पाहिजे, नाहीतर अ‍ॅब्सॉर्बरच स्टॉपर होतो आणि मरतो.

स्टॉपर एस7 या ठोके सोसणाऱ्या टूल स्टीलचा केला: 56 एचआरसी, दोनदा टेंपर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं), कड 1 मिमी त्रिज्येने गोल. हार्डनिंगनंतर तोंडावरून 0.3 मिमी ग्राइंड करून काढलं, कारण कार्बन जळालेली मऊ साल राहिली तर ती पहिल्याच दिवशी दबते आणि माप पुन्हा सरकलेलं दिसतं. स्लाइडची पट्टी साध्या पोलादाची होती. समोर कडक स्टॉपर आला की खड्डा तिच्यावर पडला असता. तिथे 50 एचआरसीचं बदलता येणारं बटण लावलं, मुद्दाम थोडं मऊ. झिजायचं तर ते झिजावं, एका स्क्रूने निघतं.

सहा आठवड्यांत डायल गेजवर 0.01 मिमीचा फरक, तोही माझ्या मोजण्याच्या चुकीत बसेल. पण एस7ची गरज होती का, हे मला अजून ठरवता येत नाही. बैठक आणि वेग एवढंच सुधारून जुना ईएन8 परत लावून पाहायला हवा होता. मी सगळं एकदम बदललं, आणि आता चालू मशीन त्यासाठी कुणी थांबवू देत नाही. ईएन8चा एक कोरा स्टॉपर ड्रॉवरमध्ये पडून आहे.