आमची वाटचाल : परड्यातल्या प्रेसपासून कुपवाड रस्त्यापर्यंत

आम्ही फक्त गिअरबॉक्सचं काम करतो. इंजिन किंवा ब्रेकचं काम घेऊन कुणी आलं तर शेजारच्या गॅरेजात पाठवतो. सांगलीत एवढ्या एका कामावर पोट भरेल का, असं सुरुवातीला सगळेच विचारायचे. आण्णा तर स्पष्टच म्हणाले, "काय करायचं ते परड्यात कर, गाळा भाड्यानं घेऊ नको."

म्हणून परड्यातच सुरू केलं. हा उसाचा मुलूख. उसाच्या ओझ्याखाली, चिखलात गाडीचे गिअर बदलून बदलून सिंक्रो रिंगा (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) झिजतात, गिअरचे दात जातात. बॉक्स उतरवणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते, अडायचं ते शाफ्टपाशी. मेन शाफ्टवर, म्हणजे मुख्य दांड्यावर, बेअरिंग, गिअर, हब, हबवर सरकणारी स्लिव्ह असे भाग एकामागे एक बसवलेले, त्यातले काही चांगले दाबून. ते ओढून काढायचा खास पुलर परवडत नाही, मग शाफ्ट व्हाइसमध्ये धरून छिन्नी-हातोडा. कडक केलेल्या पोलादावर हातोडा बसला की कपची उडते, आणि ती डोळ्याकडे येते तेव्हा कळतसुद्धा नाही.

आमचं पहिलं हत्यार भंगारातलं. जाड पट्टीला शाफ्टच्या मापाचं भोक पाडलं आणि पट्टी भोकातूनच मधोमध कापली. ही दोन अर्धी बेअरिंगखाली सरकवून आवळायची, दोन बाजूंना आटे पाडलेल्या सळ्या, वर आडवी पट्टी आणि तिच्यातला मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर. पुढे सी-चॅनेलची चौकट वेल्ड केली, त्यात ट्रकचा जुना बॉटल जॅक बसवला आणि प्रेस तयार झाला. दाब देताना वरून गोणपाट गुंडाळायचं, कारण बेअरिंग फुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात.

हत्यार घरचं असलं तरी चालतं, जोर कुठे लागतो ते मात्र बघावंच लागतं. बेअरिंग शाफ्टला घट्ट धरून असतं ते इनर रेसनं, म्हणजे आतल्या कडीनं. आऊटर, म्हणजे बाहेरची कडी, धरून ओढलं की सगळा भार गोळ्यांवरून जातो आणि रेसवर खड्डे उमटतात. असं बेअरिंग परत बसवलं तर थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. इनर हाताशी येतच नसेल तर आम्ही मागचा गिअर धरून दोन्ही एकदम काढतो. तेही जमलं नाही आणि आऊटर धरावाच लागला, तर ते बेअरिंग भंगारात, गिऱ्हाईक कितीही म्हणो "चालतंय की!" आणि प्रेस अडला की जॅक मारत बसायचं नाही. कुठंतरी सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकण कडी) राहिलेली असते, नाहीतर नटाची खाचेत ठोकलेली कड उचललेली नसते.

निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमानं, त्याच तोंडानं तारेत ओवायचा. हब आणि स्लिव्हवर आधीच खूण करायची. स्लिव्ह सरकवताना वर पंचा टाकायचा, नाहीतर चाव्या (हबच्या खाचेतल्या छोट्या पट्ट्या) आणि स्प्रिंगा परड्यातल्या कोंबड्यांच्या मागे शोधाव्या लागतात.

बसवताना आईची जुनी कढई कामी आली. बेअरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवायचं, १२० च्या वर जाऊ द्यायचं नाही. गॅसची ज्योत थेट लावायची नाही. शाफ्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये, म्हणजे बेअरिंग फुगतं, शाफ्ट आकसतो. "त्या कढईत परत भजी नाहीत हं," एवढंच आई म्हणाली. फ्रीजरवरून मात्र घरात बरंच झालं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर रोज गाड्या यायला लागल्या. ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवा जायच्या भोकातून, पाणी आत शिरलेलं, तेल चहासारखं दुधाळ. ज्यांनी गाडी चालू न करता आणली, त्यांचं तेल बदलून, बॉक्स धुऊन भागलं. ज्यांनी "बघू चालते का" म्हणून पळवली किंवा महिनाभर तशीच ठेवली, त्यांच्या नीडल बेअरिंगखाली (सुईसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग) शाफ्टला गंजाचे खड्डे पडले होते. त्या कामानंतर कुपवाड रस्त्यावर गाळा घेतला, विकतचा हायड्रॉलिक प्रेसही घेतला. आण्णा गाळ्यावर येतात, खुर्ची टाकून तेलाचे डबे मोजतात.

आता मिरज, इस्लामपूर, तासगावचे मिस्त्री नुसता शाफ्ट पाठवतात. त्यांना एकच विनंती : अर्धवट सोडवलेला शाफ्ट आणणार असाल तर भाग पिशवीत सुटे टाकू नका, तारेत ओवून आणा. आणि छिन्नी लावून झाली असेल तर आधी सांगा, म्हणजे दर तसा सांगता येईल.