घडीचं घर आणि आप्पा

रविवार, सेंट इग्नेस

मॅकिनॉ पूल ओलांडून मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात आलो. १९५७ साली खुला झालेला, पाच मैल लांबीचा पूल. आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे; तिच्यातून खालचं पाणी दिसतं. गाडीमागे पॉप-अप कॅम्पर, म्हणजे घडी होणारं कापडी घर, जोडलेला, म्हणून बाहेरची लेन धरून सावकाश आलो. टोल आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) हिशेबाने, म्हणजे कॅम्परच्या आसाचे पैसे वेगळे. आप्पा म्हणाले, "ट्रॉलीचा येगळा टोल? आपल्याकडं मोर्चा निघंल."

आप्पा म्हणजे माझे सासरे. मे महिन्यात कराडजवळच्या गावाहून आले, तेव्हापासून डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या घरात काचेच्या दारातून रस्ता बघत बसायचे. रस्त्यावर दिसायचं काय? गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. सहलीचा मला मनातून धाकच होता. सत्तरी उलटलेला माणूस, कापडाच्या भिंती, रात्री बॅटरी घेऊन संडासापर्यंत चालणं.

कॅम्पग्राउंडवर मिळालेल्या जागेत गाडी मागे घेऊनच शिरायचं होतं. हायवे नवऱ्याचा, हे काम माझं. त्याला तेवढा दम नाही. मिटलेला कॅम्पर इतका बुटका की आरशात दिसत नाही, आणि आखूड असल्यामुळे पटकन मुरडतो. आजूबाजूला लोक खुर्च्या टाकून बसलेले. नव्याने येणाऱ्याचं रिव्हर्स बघणं हा इथला संध्याकाळचा फुकटचा खेळ आहे. आप्पा उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले.

"हात स्टेरिंगच्या खालच्या अंगाला धर. ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं, तिकडंच हात ने. आन् घाई नगं."

उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर आणि गव्हाणीला लावण्यात त्यांची हयात गेली आहे. दोन ट्रॉल्या असल्या की देवालाही मागे घेता येत नाहीत, ही तर एकच, असं त्यांचं म्हणणं. गेला कॅम्पर आत, सरळ. पलीकडच्या खुर्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आप्पांनी तिकडे बघून हात जोडले.

मग चाकांखाली ठोकळे, हँडल फिरवून छप्पर वर, चारी कोपऱ्यांचे पाय खाली, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, कापड ताणून बांधायचं. हँडल त्यांनी कुणालाच दिलं नाही.

मंगळवार, टाक्वामेनॉन

वरचा धबधबा सुमारे २०० फूट रुंद आणि जवळजवळ ५० फूट उंच, पण लक्षात राहतो तो रंग. नदी सीडर आणि स्प्रूसच्या दलदलीतून येते, त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं. कठड्याला टेकून आप्पा म्हणाले, "काकवी." त्यापुढे मला काही सुचलं नाही.

सरपण इथेच विकत घेतलं. घरून लाकूड आणू नका अशा पाट्या जागोजागी आहेत. अ‍ॅशची झाडं पोखरणारा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या बाजूलाच पहिल्यांदा सापडला आणि पुढे असल्याच लाकडांतून दूरवर गेला. घरामागे ओंडके पडलेले असताना पैसे देऊन मोळी घ्यायची, हे आप्पांना पटलं नव्हतं. किडा म्हटल्यावर लगेच पटलं.

शेजारच्या जागेवर एक म्हातारं जोडपं आहे. आजोबांनी गाव सांगताना उजव्या हाताचा पंजा वर करून अंगठ्यावर बोट ठेवलं. मिशिगनचा खालचा भाग पंजाच्या आकाराचा, म्हणून इथे सगळे असंच गाव दाखवतात. अंगठ्याच्या भागात त्यांची शेती, आणि पीक कसलं तर साखरेच्या बीटाचं! मी भाषांतर केलं आणि आप्पांनी खुर्ची ओढून त्यांच्या शेकोटीशी नेली.

पहिला प्रश्न, "उतारा किती?" म्हणजे शेकडा साखर किती. बीटात साखर सतरा-अठरा टक्के असते हे ऐकून आप्पा गप्प झाले, आपल्या उसाचा उतारा अकरा-बारा. तिथला कारखानाही सहकारी, शेतकऱ्यांच्याच मालकीचा. "मग निवडणुका लढवता का?" हा प्रश्न मी बराच सौम्य करून पोचवला. सगळ्यात नवल वाटलं ते हे, की काढलेलं बीट हिवाळाभर उघड्यावर ढिगात पडून राहतं, थंडीच त्याला सांभाळते. आमच्याकडे तुटलेला ऊस दोन दिवस काट्याबाहेर रांगेत थांबला तरी वजन आणि साखर दोन्ही घटतात. आप्पांनी ती रांग उभं राहून, हातवारे करून सांगितली. आजोबांना सगळं कळलं असावं, कारण त्यांच्या शिव्या बरोबर जागी आल्या.

साडेनऊला सूर्य बुडला. दिवेलागण झाल्याशिवाय आप्पा जेवत नाहीत, त्यामुळे या आठवड्यात सगळ्यांचीच जेवणं लांबली आहेत. पिठलं, आणि प्रोपेनच्या शेगडीवर जमेल तशी भाकरी. आजींनी दोन नेल्या. अस्वलांमुळे खाण्याचं सगळं सामान रात्री गाडीत.

गुरुवार, व्हाइटफिश पॉइंट

१९७५ च्या नोव्हेंबरमध्ये बुडालेल्या एडमंड फिट्झजेराल्ड जहाजाची घंटा इथल्या संग्रहालयात आहे. २९ माणसं गेली. लेकाने पाटी मोठ्याने वाचली, मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

सुपीरियर सरोवराच्या काठावर आप्पांनी ओंजळभर पाणी तोंडाला लावून बघितलं. "एवढं मोठं आन् गोडं?" क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जास्त आहे, हे त्यांना पुरेना, त्यांना टीएमसी (अब्ज घनफूट) हवे होते. कोयना धरण १०५ टीएमसी. लेकाने फोनवर हिशेब करून सांगितलं: चार हजार कोयना. आप्पांनी हिशेब पुन्हा करायला लावला.

रात्री पाऊस. ओल्या कापडाला आतून हात लावायचा नाही, लावला तिथून पाणी पाझरतं. आप्पा मुलांच्या मध्ये झोपून त्यांचे हात धरून होते.

रविवार, घरी

ओला कॅम्पर तसाच घडी करून आणला होता. दोन दिवसांत वाळवला नाही तर बुरशी धरते, म्हणून काल दारातच उघडला. आमच्या वसाहतीच्या नियमात ट्रेलर दारात उभा करायला दोन दिवसांचीच मुभा आहे, म्हणजे आज रात्री हलवायला हवा. आप्पा सकाळपासून आत बसले आहेत, चहाही तिथेच. येणारेजाणारे थांबतात. कुत्रा फिरवणाऱ्या बाईंना त्यांनी हँडल फिरवून छप्पर खालीवर करून दाखवलं.

कापड दुपारीच वाळलंय. आप्पांचं म्हणणं, शिवणीत अजून ओल आहे. मी म्हटलं, असेल.