एमसीएफ-७ पेशी मेल्या की नुसत्या थांबल्या?

बडोद्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या असतील, तर फ्लास्कमध्ये बहुधा एमसीएफ-७ असतील. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध घालायचं, एमटीटी ही रंगाची चाचणी करायची आणि रंग निम्म्यावर आला की वहीत लिहायचं, ‘५० टक्के पेशी मेल्या.’ कृपा करून असं लिहू नका. एमटीटी पेशींची चयापचयाची क्षमता मोजतं. विभाजन थांबलं तरी रंग उतरतो. मरण झालं की नाही, हे केंद्रकातल्या प्रथिनांवरून ठरवा.

हे औषध टोपोआयसोमरेझ-२ या डीएनए कापून पुन्हा जोडणाऱ्या एन्झाइमला डीएनए कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. तुटलेल्या धाग्यांची खबर पी५३ या पेशीच्या रखवालदार प्रथिनाला लागते, त्याला एरवी नष्ट करवणाऱ्या एमडीएम२ ची पकड सुटते आणि पी५३ साठू लागतं. पुढचा रस्ता मात्र डोसवर ठरतो. ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास विभाजन रोखणारं पी२१ हे प्रथिन वाढून पेशी बहुधा थांबतात, पसरट आणि मोठ्या होतात आणि पीएच ६ ला बीटा-गॅलच्या (पेशी म्हाताऱ्या झाल्या का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) निळ्या रंगात रंगतात. या पेशी जिवंत असतात. १ मायक्रोमोलरला ४८ तासांत खरं मरण दिसू लागतं.

एमसीएफ-७ मधली मोठी गोम कॅस्पेझ-३ ची, म्हणजे पेशी मरताना प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची आहे. त्याच्या जनुकातले ४७ बेस गळालेले असल्यामुळे हे प्रथिन या पेशींत बनतच नाही. म्हणून डीएनएची शिडी (तुकड्यांच्या पट्ट्यांची रांग) जेलवर दिसत नाही आणि कॅस्पेझ-३ ची अँटिबॉडीही कोरी राहते. ‘औषध चाललं नाही’ असा निष्कर्ष इथेच चुकतो. पार्प-१ हे केंद्रकातलं प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) बघा. कॅस्पेझ-७ त्याला कापतं आणि ११६ किलोडाल्टनच्या पट्ट्याखाली ८९ चा पट्टा उमटतो. त्यासाठी ८ टक्के जेल घ्या, ३० मायक्रोग्रॅम प्रथिन भरा. २४ किलोडाल्टनचा तुकडा या जेलमधून निसटून जातो, तो शोधत बसू नका.

८९ चा पट्टा फिका येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मीडियम ओतून दिलेलं असतं. मेलेल्या पेशी तळ सोडून तरंगतात. ते मीडियम आणि पेशी ज्याने धुतल्या ते पीबीएस (क्षारांचं द्रावण), दोन्ही सेंट्रिफ्यूज करा आणि तो गोळा ट्रिप्सिनने सोडवलेल्या पेशींत मिसळा. पार्प क्रोमॅटिनला चिकटून असतं, त्यामुळे लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) शेंबडासारखं चिकट झालं तर बर्फावर थोडं सोनिकेट करा. प्रोटिएझ इनहिबिटर (प्रथिनं कापली जाणं रोखणारं द्रव्य) आधी घाला, नंतर घालून उपयोग नाही.

फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणं) करणार असाल तर आणखी एक अडचण. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लालसर चमकतं आणि केंद्रकातच जाऊन बसतं, म्हणून मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या प्रोपिडियम आयोडाइडचा रंग त्याच्यात मिसळून आकडे फुगतात. फक्त औषध दिलेली, न रंगवलेली एक नळी ठेवाच.

तुलनेला एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या पेशी ठेवणं चांगलं, पण तिथे पी५३ चा पट्टा औषधाविनाही जाडजूड दिसतो. ते आर२८०के हा एका अमिनो आम्लाचा बदल झालेलं, बिघडलेलं प्रथिन आहे. ते साठतं, पण पी२१ ला जागवत नाही. म्हणून पी५३ सोबत पी२१ चाही ब्लॉट लावा.

आणि मे महिन्यात थर्मामीटरवर लक्ष ठेवा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. एसी बंद पडून खोली ३८ वर गेली की आतलं तापमान त्याहून वर चढतं आणि औषध न दिलेल्या पेशीही मरायला लागतात. त्या दिवसाची प्लेट मोजू नका.