चहाबरोबरची गोळी

सातव्या महिन्यात खोळो भरून, म्हणजे गुजराती पद्धतीची ओटी भरून, लेक वडोदऱ्याला माहेरी आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डबेच जास्त होते. गरोदर बायकांसाठीच्या चॉकलेट चवीच्या पावडरचे दोन डबे, डीएचएच्या कॅप्सूल, कसलीशी प्रोटीनची बिस्किटं. अगदी तळाशी रबर लावून ठेवलेल्या दोन पट्ट्या, एक लोहाच्या गोळ्यांची आणि एक कॅल्शियमची. फायलीत रक्ताचा रिपोर्ट होता, हिमोग्लोबिन ८.९. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डब्यांवर किती पैसे गेले ते मी विचारलं नाही. पण एवढं सगळं घेऊन आकडा ८.९ कसा, या विचाराने त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी आम्ही दोघी चहाला बसलो. तिने खाकऱ्याचा तुकडा मोडला, लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि लगेच कॅल्शियमची. मी बघतच राहिले.

"अगं, दोन्ही एकदम?"

"हो आई, एकदम घेतल्या की विसरायला होत नाही."

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होती. ती मनापासून घेत होती आणि त्यातलं बरंचसं लोह अंगी लागतच नव्हतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. यात अवघड असं काही नाही, कुणालाही एका मिनिटात सांगता येतं. पण तिच्या आधीच्या दवाखान्यात ते एक मिनिट कुणी दिलं नव्हतं. चिठ्ठी हातात आली, दुकानातून पट्ट्या आल्या, आणि काउंटरवरच्या माणसाने वर पावडरचा डबा सुचवला. मला लेकीचा राग आला नाही. त्या न मिळालेल्या एका मिनिटाचा मात्र अजून येतो.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन केल्या. एक सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर, दुसरी रात्री साडेदहाला. कॅल्शियम दोन्ही जेवणांनंतर. ते सरकारी नियमातही तसंच आहे, चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोबत ड जीवनसत्त्व. मधे निदान दोन तास सोडायचे. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, म्हणून डाळीवरही लिंबू पिळायचं ठरलं. गोळीने शौच काळी होते, कधी पोट साफ होत नाही, आणि घाबरून बायका गोळीच बंद करतात. लेकही मधून मधून करत होतीच, हे तेव्हा कळलं. काळ्या शौचाला घाबरायचं कारण नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तिला नीट बसवून सांगितलं. बाकी मी भरपूर पाणी, अंजीर आणि खंडेराव मार्केटातल्या ताज्या भाज्या यांच्यावर सोपवलं. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.४ आलं.

आता पावडरीबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात. मी लेकीला स्वयंपाकघरात उभी करून तो हिशोब मांडून दाखवला. एक वाटी घट्ट वरण, दोन पेले दूध, मूठभर भाजलेले शेंगदाणे. झाले २२. तिच्या डब्याच्या पाठीवर घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या नंबरावर होती. ज्या बाईला उलट्यांमुळे काही जेवताच येत नाही तिला डॉक्टरांनी पावडर दिली तर तिने ती जरूर घ्यावी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिच्या घरात डाळ शिजते, दूध येतं, तिने त्या डब्याच्या भरवशावर लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतही वेळ महत्त्वाची. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नक्की कळायच्या आतच. म्हणून ती गोळी मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून घ्यायची. माझ्या लेकीला ती वेळेवर मिळाली, तिच्या नणंदेने सांगितलं म्हणून.

बाळंतपण झालं आणि नडियादहून विहीणबाई कातलुं, म्हणजे बाळंतिणीचा गुजराती खाऊ, घेऊन आल्या. सुंठ, गंठोडा (पिंपळमूळ), सुवा (बाळंतशेपा), डिंक आणि आणखी कायकाय घालून तुपात केलेलं. मी हाथीखान्यातून डिंक, खारीक, गोडंबी आणून अळीव-डिंकाचे लाडू वळून ठेवले होतेच. दोन्ही डबे शेजारी शेजारी राहिले आणि दोन्ही संपले. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, तेव्हा आपल्या आज्यांनी तुपात-गुळात हात आखडला नाही ते योग्यच होतं. लाडवाने दूध वाढतं का? त्याने आईला ताकद येते, आणि कुणीतरी आपली काळजी करतंय म्हणून जीव शांत होतो. दूध वाढतं ते मात्र बाळाने ओढल्यानेच. जितक्या वेळा ओढेल तितकं बनेल, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा.

बाळंतपणाच्या दुसऱ्या रात्री बाळ रडत होतं तेव्हा रुग्णालयातल्या एका बाईंनी "डब्याचं दूध लिहून देऊ का?" असं विचारलं. लेकीचा चेहरा पडला. भरपूर दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर येणारा घट्ट पिवळसर चीक नवजात बाळाच्या इवल्याशा पोटाला पुरतो. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक होऊन दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं खाणंही त्यात आलं. पण रात्री दोनला, टाके दुखत असताना, दमलेल्या मुलीला कुणी हळूच विचारलं तर कायदा तिथे नसतो. मी बाळाला उचलून तिच्या छातीशी दिलं आणि पहाटेपर्यंत तिच्या पाठीला उशी धरून बसले. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.

विहीणबाईंना गळथूथी द्यायची होती. गुळाचं बोट बाळाच्या जिभेला लावायचं, आणि जो लावेल त्याचा स्वभाव बाळात उतरतो, अशी श्रद्धा. आमच्याकडे मध चाटवायचे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको. त्यात असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, बाळ लुळं पडतं. हे सांगताना मला धडकी भरली होती, कारण त्या बाईंनी गेली तीस वर्षं आपल्या घरातल्या प्रत्येक बाळाला गळथूथी दिली आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग गुळाचं बोट लेकीच्या जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दूधातून पोचेल." मी त्यांच्या पाया पडले.

आता जे लिहायला खरं तर मी बसले ते.

मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला होते, १९८० च्या दशकात. तेव्हा आमच्या अन्न आणि पोषण विभागात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोड आलेल्या धान्याच्या पिठावर काम चाललं होतं. एक दिवस प्रयोगशाळेत पातेल्यात गव्हाची पेज शिजवली होती, चमचा उभा राहील इतकी घट्ट. त्यात मोड आलेल्या गव्हाचं पीठ एक चमचा घालून ढवळलं. काही मिनिटांत ती पेज सैल झाली, ओगराळ्यातून ओघळायला लागली. पाणी एक थेंब घातलं नव्हतं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं. ते पिठूळ पदार्थाच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून पेज पातळ होते, पण धान्य तेवढंच राहतं.

याचं महत्त्व कळायला बाळाचं पोट डोळ्यासमोर आणावं लागतं. दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट एका पेल्याएवढं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी हव्यात. घट्ट खिमट त्याला गिळवत नाही, म्हणून आई पाणी घालते आणि पेला पाण्यानेच भरतो. बाळाचं पोट भरलेलं दिसतं, पण वजनाचा काटा हलत नाही.

मी हे शिकले होते, आणि तरी माझ्या लेकीला सहाव्या महिन्यापासून डाळीचं वरचं पाणी पाजत राहिले. सासूबाईंनी सांगितलं, मोठ्या जावांनी सांगितलं, आणि मी नवी सून, बोलले नाही. तिचं वजन दोन महिने ६.२ किलोवरच होतं. एका दुपारी पाळण्यातले तिची काडीसारखी मनगटं बघून मला ते पातेलं आठवलं. त्याच संध्याकाळी गहू भिजत घातले. ती आता स्वतः आई झाली, पण ते दोन महिने माझ्या मनातून गेलेले नाहीत.

नातीसाठी या वेळी ते पीठ पहिल्यापासून केलं. गहू बारा तास भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस मोड काढायचे, चांगल्या उन्हात वाळवायचे. मग तव्यावर नुसता ओलावा जाईपर्यंत शेकायचे. इथे हात आवरावा लागतो, कारण आपल्याला खमंग भाजायची सवय आणि खमंग भाजलं की अमायलेज मरतं. दळून बरणीत भरायचं. तांदूळ-मुगाचं किंवा नाचणीचं खिमट नेहमीपेक्षा घट्ट शिजवायचं, आचेवरून उतरवून जरा निवलं की एक छोटा चमचा पीठ घालून ढवळायचं, सैल झालं की पुन्हा एक उकळी आणायची. वर अर्धा चमचा तूप. मीठ-साखर नाही. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज, तेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापानेच. नात आता आठ महिन्यांची आहे, वजन ७.९.

नाचणीसत्त्वाबद्दल मैत्रिणी विचारतात. फडक्यातून गाळून काढलेलं पांढरंशुभ्र सत्त्व म्हणजे बराचसा नुसता पिठूळ भाग, नाचणीचं कॅल्शियम जास्त करून कोंड्यात असतं. मोड आणून, वाळवून, सालासकट दळा आणि बारीक चाळणीने चाळा, ते बरं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सुनेला पाचवा महिना आहे. परवा त्या अंगणवाडीतून मिळालेलं मातृशक्तीचं, म्हणजे गरोदर बायकांसाठीच्या तयार पिठाचं, पाकीट घेऊन आल्या. सून खात नाही, वास आवडत नाही म्हणे. आम्ही दोघींनी ते तुपावर परतलं, गूळ घालून सुखडी थापली, आणि सुनेने उभ्या उभ्या दोन वड्या खाल्ल्या. तिच्या पिशवीत सरकारी लाल गोळ्यांची पट्टी होती. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, फुकट मिळते, रोज एक, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८०. पट्टी अर्धी रिकामी होती, म्हणजे घेते आहे. बुधवारी तिचा ममता दिवस, म्हणजे गरोदर बायकांच्या सरकारी तपासणीचा दिवस आहे, मीही सोबत जाणार आहे. गोळी कशाबरोबर घेते ते परवा विचारायचं राहून गेलं.