आधी भिंत ठोकून बघू : आमची वाटचाल

आम्ही धंदा सुरू केला तेव्हा वॉटरप्रूफिंग हे वेगळं काम आहे, असं नाशकात फारसं कुणी मानत नव्हतं. गच्ची गळली की गवंडी बोलवायचा, भिंतीला ओल आली की रंगारी. दोघंही पैसे घेऊन जायचे आणि पुढच्या पावसाळ्यात ओल जिथल्या तिथे. या दोघांच्या मधली जागा आम्ही धरली. आम्ही म्हणजे मी आणि तात्या मिस्त्री. विटांचे तुकडे बसवून, दोरी धरून कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या त्या थराला, उतार द्यायचा आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला कोपरा गोल भरून वाटा काढायचा, यात तात्यांचा हात धरणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

तात्यांकडे एक छोटी हातोडी होती, बाभळीच्या दांड्याची. भिंत खालून वर ठोकत जायचे. बद्द आवाज आला की खडूने खूण. पुढे मी हौसेने दोन सुयांचा मॉइश्चर मीटर आणला, पण क्षार धरलेल्या भिंतीवर तो कोरड्यालाही ओलं म्हणतो, तिथे हातोडीच खरी. दुसरं हत्यार त्याहून स्वस्त, स्वयंपाकघरातली फॉइल. चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावायचा आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. आतल्या अंगाला थेंब आले तर पाणी भिंतीत आहे, बाहेरच्या अंगाला आले तर ते खोलीच्या हवेतलं.

सप्टेंबर २००८ मध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला आणि गोदाकाठचे वाडे पाण्यात गेले. त्यातल्या एका वाड्यातल्या काकूंनी आम्हाला बोलावलं. भिंतीवर कमरेच्या खाली लोणा लागल्याची पांढरी आडवी रेघ होती, म्हणजे जमिनीतून चढणारी ओल पुराच्या आधीपासूनच असणार.

"चार जण येऊन गेले, चौघांनी सिमेंट सांगितलं. तुम्ही काय सांगता?"

तात्या म्हणाले, "काकू, भिंत चुन्याची आहे. सिमेंटने तिचं तोंड बांधलं तर पाणी बाहेर कुठून पडेल? वर चढेल. उन्हाळ्यापर्यंत थांबा."

काकू थांबल्या. भिंत वाळल्यावर रेघेच्या हातभर वरपर्यंत जुनं प्लास्टर काढलं आणि चुन्याचंच केलं. पुढे गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत काकूंच्या एकाही नातेवाइकाचं घर आमच्या हातून सुटलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगतोच. आमच्याकडे साइट बघायला एक मुलगा होता, चुणचुणीत. त्याने वेगळं दुकान थाटलं, याचं वाईट नाही वाटलं. पण त्याच्या पत्रकावर फोटो आमच्या कोब्याचे, वाटा तात्यांनी काढलेला, आणि खाली 'दहा वर्षांची लेखी गॅरंटी'. काम काय, तर ओल कुठून येते हे न बघता दोन हात चकचकीत रंग.

त्याच सुमारास पाथर्डी फाट्याकडच्या एका बिल्डरने आमचं बिल अडवलं. वरच्या मजल्यावर ओल आली, तर म्हणे कोबा फुटला. आम्ही डक्टचा (पाइप खाली नेणाऱ्या पोकळीतला) पाइप वगळून सगळ्या गच्चीवर रंग घातलेलं पाणी ७२ तास तुंबवून ठेवलं. खाली रंगाचा टिपूससुद्धा उतरला नाही. मग डक्टमधल्या पाइपात तेच पाणी सोडलं, तर सांध्यातून रंगीत पाणी थेट भिंतीत. सगळ्या सोसायटीने बघितलं, बिल्डरनेही मान हलवली, पैसे मात्र आजतागायत आलेले नाहीत. केमिकलवाल्याने उधारी बंद केली, टेम्पो विकला, मजूर त्या गॅरंटीवाल्याकडे गेले. तात्या तेवढे राहिले, अर्ध्या मजुरीवर. ते राहिले नसते तर हे लिहायला मीही नसतो.

पुढे काकूंच्या ओळखीतून इंदिरानगरची एक सोसायटी मिळाली आणि गाडी रुळावर आली. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही, काम होतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. ओल बारा महिने असेल तर आधी नळ आणि बाथरूम तपासा. सगळे नळ बंद करूनही पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल तर गच्चीला दोष देऊ नका. पावसानंतर दिसते ती गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेची. थंडीत कपाटामागे काळी बुरशी येते ती बहुतेक वेळा कोंडलेल्या हवेची. कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा. त्याला केमिकल लागत नाही आणि आम्हीही लागत नाही. गच्चीचं काम चैत्र-वैशाखात काढा, आषाढात फोन करून "उद्याच या" म्हणू नका.

आणि भिंतीवर त्या गॅरंटीवाल्याचा रंग असेल तर तो खरवडायचे पैसे वेगळे पडतील. हे फोनवरच सांगतो, मागाहून घासाघीस नको.