भन्सारचा कागद आधी वाचा, मग गाडी सुरू करा (सुनौलीमार्गे नेपाळ, बाईकवर)

नेपाळातलं तीर्थक्षेत्र मुक्तिनाथ, ते झालं नाही. फोटो बघायला आलेल्यांनी इथूनच परत फिरावं. पोखऱ्यापर्यंत पोचलो होतो, आभाळ स्वच्छ, गाडी ठणठणीत, पंक्चरसुद्धा नाही. आणि तिथून उलट यावं लागलं ते एका कागदापायी. तो कागद चार दिवस माझ्याच जॅकेटच्या खिशात होता आणि मी वाचला नव्हता. बरं, देवनागरीत होता. आकडेही देवनागरी. लाज वाटते म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

निघण्यापूर्वी ज्याला विचाराल तो सांगतो, नेपाळ म्हणजे काय, घरच्यासारखं. १९५०चा करार आहे, व्हिसा लागत नाही, नुसतं ओळखपत्र दाखवा आणि चालू लागा. माणसांच्या बाबतीत हे खरं आहे. गाडीच्या बाबतीत नाही. सीमेवर तुमची गाडी म्हणजे माल, आणि तो तात्पुरता आत न्यायची परवानगी दिवसांच्या हिशेबानं पैसे भरून काढावी लागते. हीच ती भन्सार. नेपाळीत भन्सार म्हणजे कस्टम्स; पण सीमेवर ऑफिसला भन्सार म्हणतात, कागदाला भन्सार म्हणतात आणि भरलेल्या पैशांनाही भन्सारच म्हणतात. त्यामुळे ‘भन्सार झालं का?’ याला ‘झालं’ असं उत्तर देताना नेमकं काय झालंय हे आपल्यालाच माहीत नसतं.

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. गोरखपूरहून सकाळी निघालो, सीमेवरच्या सुनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. रांगेच्या कडेकडेनं बाईक काढत पुढे जातो न जातो तोच एक जण स्कूटीवरून बाजूला आला. एमएच नंबर लांबून दिसतो. ‘महाराष्ट्र! सर, भन्सार करना है ना?’ अगदी आपुलकीनं. मागे बायको म्हणाली, ‘अरे, आपलं आपण करू ना.’ मी म्हटलं, उन्हात दोन खिडक्या फिरण्यापेक्षा देऊ चार पैसे. ही माझी चूक क्रमांक एक, आणि बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटात आहेत.

त्यानं आरसी, लायसन्स, मतदार ओळखपत्र घेतलं, किती दिवस विचारलं. मी आठ सांगितले. आम्हाला एका टपरीच्या सावलीत बसवून तो गेट ओलांडून नेपाळच्या हद्दीतल्या बेलहियाच्या बाजूला गेला आणि पाऊण तासानं परत आला. भन्सार, यातायातचा (म्हणजे वाहतूक खात्याचा) परवाना, सगळं ‘ओके’. कागदाची चौकोनी घडी करून, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवून, पाकिटाचं तोंड टेपनं बंद करून त्यानं माझ्या हातात दिलं. ‘संभाल के रखिए सर, बार-बार मत खोलिए, फट जाता है.’ तेव्हा मला हा माणूस किती काळजीवाहू आहे असं वाटलं होतं.

पुढचे तीन दिवस छान गेले. लुंबिनी बघितलं, तानसेनला राहिलो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२० तारखेला संध्याकाळी पोखऱ्यात हॉटेलवाल्यांना मुक्तिनाथच्या रस्त्याबद्दल विचारत होतो. ते म्हणाले, आधी गाडीचा कागद दाखवा. टेप त्यांनीच नखानं सोडवली. कागद उलगडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘सर, आपका तो कल तक ही है.’

त्या ओळीत होतं २०८०/०८/०५. मी तो कसला तरी नोंदणी क्रमांक समजलो असतो. ती तारीख होती. नेपाळचं सरकारी कामकाज विक्रम संवतात चालतं: २०८० साल, आठवा महिना मंसिर, पाच तारीख. आपल्या हिशेबानं २१ नोव्हेंबर. आणि त्यांचे महिने आपल्या पंचांगासारखे चंद्रावर नाहीत, सूर्यावर आहेत, त्यामुळे कालनिर्णय उघडूनही जुळणार नाही. मी आठ दिवस सांगितले होते, पैसे आठ दिवसांचे दिले होते, कागद पाच दिवसांचा होता. प्रवेशाचा दिवसही पहिला दिवस म्हणूनच धरलेला.

मग बसून पावतीवरची बेरीज केली. तिथे दुसरं बिंग फुटलं. पावतीवरचा आकडा नेपाळी रुपयांत असतो. सीमेवर भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. शंभर आयसीचे एकशे साठ एनसी, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. आमच्या पठ्ठ्यानं एनसीचा दर सांगून तेवढेच रुपये आयसीत घेतले होते. म्हणजे दिवस तीन कमी, दर सव्वापट नव्हे, दीडपट नव्हे, एक पूर्णांक सहा दशांश पट, आणि वर ‘सर्विस’ वेगळी. मला पैशांचं एवढं नाही. (खरं तर आहे.) पण मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली उभं राहायचं म्हणून बायकोनं वर्षभर सुट्टी साठवली होती.

मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर वरच्या दिवसांचं शुल्क भरावं लागतं आणि दंडही. तो भरूनही वर गेलो असतो. पण मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमच्या वाटेवर कुठे गाडी अडवली, कागद संपलेला निघाला, तर परक्या देशात वाद घालायची माझी हिंमत नव्हती. रात्री अकराला ठरवलं, परत.

पोखरा ते सीमा १८० किलोमीटरच्या आसपास, सिद्धार्थ राजमार्गानं. नकाशावर किरकोळ दिसतं. दिवस जातो. वळणं संपत नाहीत, आणि बुटवलच्या आधीचा सिद्धबाबाचा पट्टा तर नुसता छळ: एका बाजूला कडा, वरून दगड सुटायची भीती, त्यातच तेव्हा चालू असलेलं बोगद्याचं काम, आणि पिठासारखी धूळ. हेल्मेटची काच बंद केली तर दिसत नाही, उघडली तर डोळे जातात. तिथे पावसाळ्यात जाणाऱ्याला मी वेडा म्हणेन. बुटवल सोडलं की सपाट रुंद रस्ता लागतो, तिथे रडू यायचं बाकी होतं.

बेलहियाला कागद जमा केला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, दोन मिनिटांत काम संपलं. मी विचारलं, हे सगळं मी स्वतः केलं असतं तर? त्यांनी मान वर न करता सांगितलं, लायसन्स, आरसी, ओळखपत्र आणि पैसे. बस.

तर आता जाणाऱ्यांसाठी, रागात आहे तोवरच.

दलाल नको. गेटच्या अलीकडे जो कोणी ‘सर’ म्हणेल त्याला नमस्कार करून पुढे जा. भन्सारच्या खिडकीवर स्वतः उभे राहा, दिवस तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या, आणि ठरवलेल्यापेक्षा दोन दिवस जास्तीचे घ्या. बाईकचा रोजचा दर कारपेक्षा बराच कमी असतो. कागद हातात आला की तिथेच, खिडकीसमोर, तारीख वाचा आणि इंग्रजी तारीख विचारून मागे पेन्सिलीनं लिहा. मोबाईलमध्ये फोटो काढा. यातायातचा परवाना वेगळा असतो, तो विसरू नका. येताना कागद जमा न करता निसटू नका, नाहीतर नोंदीत तुमची गाडी नेपाळातच राहते. आरसी मूळ हवी आणि शक्यतो स्वतःच्या नावाची. भावाची, सासऱ्यांची गाडी असेल तर त्यांचं अधिकारपत्र जवळ ठेवा.

विमा. आपली पॉलिसी भारतापुरती असते. कंपनीला सांगून, थोडा जादा हप्ता भरून नेपाळपर्यंत वाढवून मिळते. सिद्धबाबाला धडकल्यावर हे कळून उपयोग नाही.

नोटा. आम्ही गेलो तेव्हा शंभरच्याच चालत. शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळनं डिसेंबर २०१८मध्ये बंदी घातली होती. गोरखपूरच्या एटीएममधून पाचशेच्याच पडत, म्हणून घरूनच शंभरची बंडलं न्यावी लागत. हे नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

सामानाचं म्हणाल तर, ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय चालत नाही, आणि ‘छोटा आहे’ हे उत्तर नाही. किराणा, नवीन कपडे, भेटवस्तू कोऱ्या वेष्टनात नेऊ नका. सीमेपलीकडून आणलेल्या शंभर नेपाळी रुपयांवरच्या मालाला शुल्क, हा त्यांचा नियम २०२३च्या एप्रिलपासून कडक केला होता. शंभर एनसी म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये! नियमाचा रोख सुनौलीत खरेदीला येणाऱ्या त्यांच्याच लोकांवर होता, बिचाऱ्यांच्या पिशव्या उपसताना पाहिलं. पण कोरा माल दिसला की तुम्हीही त्याच रांगेत. महागडा कॅमेरा, लॅपटॉप नेत असाल तर आपल्या कस्टम्सकडून जातानाच दाखला घ्या, निदान बिल जवळ ठेवा.

येताना आपली बाजू सोपी असेल असा माझा समज होता. सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी बॅगा उघडायला लावल्या, मग कस्टम्सवाले आले. २०१६च्या बॅगेज नियमांत नेपाळहून विमानानं येणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत सूट होती, जमिनीवरून येणाऱ्याला फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू. बाकीला तेव्हा साडेअडतीस टक्के शुल्क. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. बायकोच्या बॅगेत तानसेनचा पितळी करुवा निघाला, नळीचा तो तांब्या. दुसरी खरेदी म्हणजे ‘ढाका’ नावाच्या तिथल्या कापडाची शाल. शाल तिच्या गळ्यातच होती, धुळीनं माखलेली. साहेबांनी करुवा उचलला, नवीन आहे का विचारलं, तिरका केला आणि नळीतून पाणी त्यांच्या बुटावर पडलं. बुटवलला भरून घेतलं होतं. ‘यूज्ड है,’ ते स्वतःच म्हणाले आणि परत दिला.

परदेशी गाडीला नेपाळात एका आर्थिक वर्षात तीस दिवस मिळतात. आमचे पाच गेले, पंचवीस आहेत, आणि त्यांचं वर्ष जुलैच्या मध्याला बदलतं. मेमध्ये पुन्हा जातोय. या वेळी खिडकीवर बायको उभी राहणार आहे, तसं मला कळवण्यात आलंय.